उजवीकडचा भोवरा

मी स्वतःचं चित्र आयुष्यात एकदाच काढलं. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. त्यानंतर मी समुद्र काढला, मासेमारीच्या शेड काढल्या, माणसं उठून गेल्यावर मागे राहिलेल्या खुर्च्या काढल्या, पण गेल्या वर्षापर्यंत चेहरा म्हणून काढला नाही. लोकांनी त्यात पुष्कळ अर्थ शोधले. हॅलक्रोला माणसांचा कंटाळा आहे, असं एका समीक्षकाने लिहिलं होतं. कंटाळा मला कधीच नव्हता.

गेल्या वर्षी डनीडिनच्या एका कलादालनातून मेरेआना नावाची तरुण बाई माझ्याकडे आली. माझ्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं तिच्या मनात होतं. चहा झाला, जुने कॅनव्हास भिंतीपासून ओढून बघून झाले, आणि मग तिने विचारलं, "मिस्टर हॅलक्रो, तुमचं सगळ्यात जुनं काम कुठलं हो? शिकत असतानाचं काही उरलंय का?"

"एक आहे. स्टुअर्ट बेटावर, एका बाईंच्या घरी. माझं स्वतःचंच आहे."

"तुमचं आत्मचित्र? आणि इतकी वर्षं बोलला नाहीत!"

"तिथे ते माझं म्हणून लावलेलं नाही ना."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी तिला सांगितलं, तेच इथे सांगतो.

मर्डो आणि मी जुळे. स्टुअर्ट बेटावर हाफमून बेच्या खाडीवर, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. आई एकाला हाक मारायची आणि दोघेही जायचो, कारण कोणाला मारली हे तिला तरी लांबून कुठे कळत होतं! आमच्यात फरक एवढाच, की दोघांच्याही कपाळाच्या वर केसांत भोवरा होता, माझा डावीकडे आणि मर्डोचा उजवीकडे. समोरासमोर उभे राहिलो की एक माणूस आरशासमोर उभा आहे असं वाटायचं. शाळेत बाई आमचं नाव घेण्याआधी केस वर सारून बघायच्या.

बाकी स्वभावाने आम्ही दोन टोकं. मर्डो शीळ घालत उठायचा आणि शीळ घालत झोपायचा. शाळा सुटली तसा तो बाबांबरोबर बोटीवर जायला लागला. कॉड आणि शेवंड धरायचे, पलीकडच्या किनाऱ्यावर ब्लफच्या बाजारात पाठवायचे. एव्हिस टेटशी त्याचं लग्न ठरलं होतं. मी चित्रकला शिकायला डनीडिनला गेलो. सुटीत घरी आलो की तो मला सोडायचा नाही.

"काय रे, शेवंड रंगवून कोणाचं पोट भरतं का? आणि रंगवायचीच असेल तर उकडल्यावर रंगव. आयती लाल मिळते."

"तू गप्प बस. तुला उकडलं तरी तू लाल होणार नाहीस."

असं चालायचं. मी कोणाशी फारसं बोलत नसे, पण त्याला मुद्दाम काही सांगावं लागत नसे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मे महिन्यात, आमच्याकडे हिवाळा तोंडावर असताना, तार आली. बाबा आणि मर्डो सामुद्रधुनीत शेवंडीचे पिंजरे ओढत होते. हवा बिघडत होती, पण शेवटची रांग ओढून घेऊ म्हणून ते थांबले. पिंजऱ्याचा दोर मर्डोच्या पायात अडकला, त्याच वेळी लाट आली, आणि पिंजरा त्याला घेऊन खाली गेला. बाबांनी दोर ओढला तेव्हा वर नुसता दोर आला. अंधार पडेपर्यंत ते बोट तिथल्या तिथे फिरवत राहिले. मग दुसऱ्या बोटीवाल्यांनी त्यांना घरी आणलं. मर्डो सापडला नाही. टेकडीवरच्या चर्चमध्ये शवपेटीशिवाय प्रार्थना झाली. सगळे समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत गात होते. मधूनच कोणाची तरी नजर माझ्यावर पडायची आणि गाणं अडखळायचं.

मी परत कॉलेजात गेलो नाही. आईबाबांना त्या हिवाळ्यात एकटं कसं ठेवायचं? पण मी तिथे असण्याने काय होत होतं, ते हळूहळू ध्यानात आलं. मी धक्क्यावर गेलो की माणसांचं बोलणं थांबायचं. दुकानात मिसेस रॉबनं मला पाव दिला तो खाली बघत. एव्हिस मला रस्त्यात दिसली की दुसऱ्या बाजूला जायची. घरात तर आई माझ्यापुढे ताट ठेवायची ती भिंतीकडे बघत. बाबा तसेही बोलत नव्हते. कोणी मला वाईट बोललं नाही, उलट सगळे फार जपून वागत होते. फक्त माझ्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं.

शेवटी म्हाताऱ्या पेडरने मला बाजूला घेतलं. तो नॉर्वेतून देवमाशांच्या शिकारीला आलेला आणि इथेच राहून गेलेला. मनात येईल ते बोलायचा.

"पोरा, राग मानू नकोस. टोपी घालत जा. खाली ओढून."

"टोपीने काय होणार आहे, पेडर?"

"आमचं बरं होईल जरा. काल तू धक्क्यावरून आलास ना, मी हात वर केला होता, हाक मारायला, मर्डो समजून." त्याने नाक पुसलं. "म्हाताऱ्या माणसाला असं दोनदोनदा नको रे करूस."

मी टोपी घालायला लागलो.

चित्र सुरू केलं ते त्याच आठवड्यात. आमच्या जाळ्यांच्या शेडमध्ये एका बाजूला दोरांची वेटोळी, दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचे पिंजरे. दाराशी सकाळचा उजेड चांगला यायचा. बाबांचा दाढीचा आरसा मी खुंटीला लावला. बाबांनी त्या दिवसांत दाढी करणं सोडलंच होतं. हार्डबोर्डचा एक तुकडा होता. रंगाच्या नळ्या थोड्याच होत्या, त्याही गारठ्याने घट्ट झालेल्या. मी त्या काखेत धरून मऊ करत असे. मग टोपी काढायची आणि आरशात बघायचं.

हे ऐकताना मेरेआनाने मला विचारलं, भावाच्या दुःखातून काढलंत का म्हणून. खरं सांगतो, त्या वेळी मर्डो माझ्या मनात नव्हता. त्याला मी मनात येऊच देत नव्हतो. कोणीतरी माझ्याकडे बघायला हवं होतं, एवढीच गरज होती. दुसरं कोणी बघत नव्हतं म्हणून मी बघत होतो.

काम फार हळू चाललं. श्वासाने आरसा धुरकट व्हायचा, तो बाहीने पुसायचा. कान जमला. जबड्याखालची करडी सावली जमली. डोळे चांगले जमले, कारण ते सारखे माझ्यावरच होते. तोंडाने मात्र छळलं. जरा वेळ स्थिर धरलं की त्याचे कोपरे खाली यायचे, आणि मी ते वर घ्यायचा प्रयत्न केला की खोटं दिसायचं. तीनदा खरवडलं, आणि शेवटी जसं दिसत होतं तसंच ठेवलं. पार्श्वभूमीला रंग उरला नव्हता. कोपऱ्यात बोटीचा हिरवा रंग डब्याच्या तळाशी होता, तो लावला.

एका सकाळी आई शेडमध्ये आली. मर्डो गेल्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. हातात माझ्यासाठी चहा होता. दाराशी आली आणि चित्रासमोर थांबली. कप हातात तसाच. मी टोपी शोधायला लागलो.

"भोवरा उजवीकडे आहे," ती म्हणाली.

तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आरशात दिसत होतं तेच काढत होतो.

"आई, ते आरशामुळे. आरशात उलटं दिसतं. मीच आहे तो."

"मला ठाऊक आहे तू आहेस. दोघांना मीच जन्म दिलाय." तिने कप पिंजऱ्यावर ठेवला. चित्रावरची तिची नजर हलली नाही. किती दिवसांनी ती या चेहऱ्याकडे अशी, पापणी न हलवता बघत होती! "पूर्ण झालं का?"

"झालंच आहे म्हण."

"मग मला दे."

"आई, ते माझं—"

"तू आहेस ना रे. तू इथे आहेस. तो कुठेच नाही. शाळेतल्या त्या फोटोत तो बोटाएवढा दिसतो, त्यातही हलला होता मेला." मग अगदी हळू म्हणाली, "दे ना."

मी दिलं. दुसरं काय करणार होतो? ओल्या रंगाचं ते चित्र तिने दोन्ही हातांनी कडेला धरून घरात नेलं. स्वयंपाकघरात कोळशाच्या चुलीच्या वर, जिथे आधी घड्याळ होतं, तिथे लावलं.

संध्याकाळी बाबा आले. बूट काढता काढता त्यांचं वर लक्ष गेलं. बराच वेळ एक बूट हातात घेऊन उभे राहिले.

"हा बोटीचा रंग आहे," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी मान हलवली, बूट खाली ठेवला आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. आरसा शेडमधून त्यांनी स्वतःच आणला.

रविवारी एव्हिस आली. चित्राखाली खुर्ची ओढून बसली आणि आईने केलेला केक न खाता, हातावर हात ठेवून, वर बघत राहिली. मी टेबलापाशीच होतो. टोपी घातलेली नव्हती. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर ती दर रविवारी यायला लागली. शेजारीपाजारीही यायचे. चुलीपाशी हात शेकायचे आणि वर बघून म्हणायचे, "हुबेहूब मर्डो." पेडर तर त्याला गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचा. त्या चित्राने सगळ्यांना बरं वाटलं, हे मी नाकारत नाही. घरात बोलणं परत सुरू झालं. फक्त सगळे त्याच्याशी बोलत होते.

वसंतात मी डनीडिनला परत निघालो. आई धक्क्यावर आली होती. तिने माझा मफलर नीट केला, कोटाचं बटण लावलं, पुन्हा मफलर नीट केला. नजर गळ्याच्या वर आली नाही. बोट सुटल्यावर ती लगेच वळली. चुलीवर काही ठेवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखं आहे. शिकवलं, चित्रं काढली, विकली गेली. लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं, पण ती माझ्याकडे टक लावून बघायची तेव्हा मला उठून खिडकीपाशी जावंसं वाटायचं, आणि तिला ते किती दिवस चालणार? नाताळात बेटावर जायचो. जेवताना सगळे पेले उचलून चित्राकडे बघत "मर्डोसाठी" म्हणायचे. मीही पेला उचलायचो. माझ्याच एकवीस वर्षांच्या तोंडाकडे बघून माझ्या भावाचं नाव घ्यायचो. पहिल्या काही वर्षांनंतर ते विचित्रही वाटेनासं झालं.

बाबा गेले, मग आई गेली. आईने चित्र एव्हिसला द्यायला सांगून ठेवलं होतं. एव्हिसचं तोवर पोस्टातल्या कॉलिनशी लग्न होऊन मुलंबाळं झाली होती. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

तर हे सगळं ऐकून मेरेआना म्हणाली, "तुम्ही स्वतः जाऊन बघा ना त्यांच्याशी बोलून. मी पत्र पाठवलं तर त्यांना काय कळणार?" म्हणून गेल्या शरद ऋतूत मी ब्लफहून फेरीबोट पकडली. सामुद्रधुनी नेहमीसारखी खवळलेली होती.

एव्हिस दारातच उभी होती. कॉलिन जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती आता लहानखुरी आणि वाकलेली, पण आवाज तसाच ठणठणीत.

"फेरीत उलटी झाली वाटतं. तोंड बघ कसं हिरवं झालंय. ये, आत ये."

ती माझ्या तोंडाकडे बघून हे म्हणाली. मी पायरीवर क्षणभर थांबलोच.

चित्र बैठकीच्या खोलीत होतं. रंगाला तडे गेले होते, हिरवा काळपट पडला होता. आम्ही त्याच्यासमोर बसून कॉड आणि बटाटे खाल्ले, आणि मी कामाचं बोललो. प्रदर्शन आहे, काही आठवड्यांसाठी हवं आहे, तुझी हरकत नसेल तर.

"घेऊन जा," ती म्हणाली. "काही आठवड्यांसाठी कशाला, कायमचंच ने. मी मेल्यावर पोरी ते कुठे टाकतील कोण जाणे. त्यांना तो कोण तेही धड माहीत नाही."

"एव्हिस, तो मर्डो आहे तुझा. असं कसं नेऊ?"

ती हसली. "वेडा आहेस का? मर्डोने जन्मात कधी कशाकडे इतका वेळ टक लावून पाहिलं होतं? दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही तो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"आधी नाही. आधी खरंच तोच दिसायचा. तुझ्या आईकडे यायचे ती त्याच्यासाठीच. मग..." तिने काटा ताटात ठेवला. "मग एक दिवस भांडी घासताना त्याचा चेहरा आठवायला गेले, तर आठवेना. हेच चित्र डोळ्यांपुढे यायचं. हसताना कसा दिसायचा, चिडल्यावर कसा दिसायचा, काहीच नाही. फार रडले मी तेव्हा. कॉलिनला वाटलं दात दुखतोय."

"मग काढून का नाही टाकलंस?"

"सवय झाली होती. आणि वाटायचं, एवढा एकटा दिसतोय हा, काढून कुठे ठेवायचा?" ती चित्राकडेच बघत होती. "तुझ्याकडे मी तेव्हा बघत नसे, ते मला माहीत आहे. जमायचंच नाही रे. पण नंतर इतकी वर्षं, सकाळी चहा घेताना मी दुसऱ्या कोणाकडे बघत होते सांग? तुझ्याकडेच की."

तिने मला अजून एक बटाटा वाढला.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला आणि फेरी बंद झाली. करायला काही नव्हतं. मी म्हणालो, "एव्हिस, जरा खिडकीपाशी बसतेस का? मी तुला काढतो."

"मला? या वयात? या सुरकुत्या मोजायला वर्ष जाईल तुला."

"फेरी कुठे निघतेय?"

बसली. आधी केस विंचरून आली, मग ब्लाउज बदलून आली, मग तो आवडला नाही म्हणून पहिलाच घालून आली. तिच्या नातवाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद आणि पेन्सिल, एवढंच साहित्य होतं. इतक्या वर्षांनी मी चेहरा काढत होतो. ती सारखी बोलत होती, त्यामुळे तोंड काही एका जागी राहत नव्हतं. पण मी तिला गप्प बस म्हणालो नाही. दुपारपर्यंत बऱ्यापैकी ती उतरली. तिने चष्मा लावून बघितलं.

"हनुवटी माझ्या आईची काढलीस," ती म्हणाली. पण कागद तिने परत दिला नाही.

फेरी सुरू झाली तेव्हा चित्र जुन्या चादरीत गुंडाळून मी निघालो. एव्हिस धक्क्यापर्यंत आली नाही, गुडघे दुखत होते. दारातून हात हलवला.

प्रदर्शनाच्या आधी मेरेआनाने विचारलं, "याच्याखाली काय लिहायचं?" मी एक दिवस मागून घेतला. मग सांगितलं, "स्वतःचं चित्र, हाफमून बे." तिने तसं छापून घेतलं.

उद्घाटनाला पुष्कळ लोक आले. भाषणं झाली, वाइन झाली. एक नवराबायको चित्रासमोर उभे होते. नवऱ्याने खालची पट्टी वाचली, वळून मला शोधलं, पुन्हा चित्र बघितलं. "नाक तेच आहे हं," तो बायकोला म्हणाला. ती म्हणाली, "किती गंभीर होता बिचारा." दोघेही माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. त्या अख्ख्या दालनात माझ्याशिवाय मर्डोला बघितलेला एकही माणूस नव्हता. बेटावरचं कोणी आलं असतं, तर त्याने त्या हिरव्या रंगासमोर थांबून त्याचं नाव घेतलं असतं. त्या संध्याकाळी ते नाव कोणीच घेतलं नाही. मी पेला हातात घेऊन बराच वेळ तिथे उभा राहिलो, कोणी विचारलं तर सांगावं म्हणून. कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एव्हिसचा फोन आला.

"कसं झालं रे?"

"चांगलं झालं."

"लोक काय म्हणाले?"

"मी तरुणपणी देखणा होतो म्हणाले."

"देखणा मर्डो होता. तू आंबट तोंडाचा होतास."

दोघेही हसलो. हसता हसता मला खोकला आला.

"यूअन, खोकतोयस की काय?"

"थोडा."

"काही गरम घे. एकटा आहेस म्हणून उपाशी झोपू नकोस." आणि तिने फोन ठेवला.

मी कालचं सूप गरम करायला ठेवलं, एक वाटी काढली, आणि ते उकळेपर्यंत तिथेच चुलीपाशी उभा राहिलो.